गाडीची उंची आणि रस्त्याची पातळी

पावसाळा सरला आणि गोव्यात पर्यटकांची वर्दळ सुरू झाली की, आपल्या रस्त्यांवर दोन प्रकारची वाहने विशेष नजरेत भरू लागतात. एक असते ती मूळच्या बांध्यापेक्षा वीतभर वर उचललेली, रुंद दातेरी टायरांची जीप. तिच्या पुढच्या लोखंडी बंपरची पातळी शेजारून जाणाऱ्या स्कूटरस्वाराच्या बरगड्यांशी येते. दुसरी असते ती स्प्रिंग कापून जमिनीला टेकवलेली मोटार. गतिरोधक आला की ती आडवी होऊन, अंग चोरीत, एकेक चाक चढवीत पुढे सरकते आणि मागची सारी वाहतूक खोळंबून राहते. एकीला दिलेली उंची पुरत नाही, दुसरीला ती अधिक वाटते. या दोघींच्या मध्ये, चिऱ्यांच्या कुंपणाच्या कडेने, मुलाला शाळेत पोचवायला निघालेली एखादी आई आपली स्कूटर सांभाळीत जात असते. आमच्या दृष्टीने या विषयातील खरी व्यक्ती ती आहे. जीपवाला आणि मोटारवाला आपापल्या हौसेचे मोल जाणून चालतात. तिने मात्र कसलीच हौस केलेली नाही, आणि धोक्यातील मोठा वाटा तिच्या पदरात पडतो.

कोणी म्हणेल, तरुणांनी आपल्या पैशाने आपल्या गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या तर त्यावर अग्रलेख लिहिण्याजोगे काय आहे? घरात कोणी कोणत्या उंचीच्या खुर्चीवर बसावे हे जसे आम्ही सांगत नाही, तसे गाडीबाबतही सांगू नये. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु खुर्ची घरात असते आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर धावते, एवढा फरक त्यात विसरला जातो. एकाच्या स्वातंत्र्याची सीमा दुसऱ्याच्या सुरक्षिततेपाशी संपते, हे लोकशाहीतील जुने तत्त्व रस्त्यावर जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

गाडी उचलणे म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहू. वाहनाचा सांगाडा चाकांवर थेट टेकलेला नसतो. मध्ये स्प्रिंग असते, किंवा जीप, ट्रक यांसारख्या वाहनांत पोलादी पाट्यांचे जुडगे असते. या स्प्रिंगेवर गाडीचे वजन तोललेले असते, आणि तिची उसळी आवरण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बर करतो. उंच स्प्रिंग बसवणे, स्प्रिंगेखाली रबराचा किंवा धातूचा ठोकळा घालणे, जुडग्यात एखादा जादा पाटा चढवणे, पाटे सांगाड्याला जोडणाऱ्या कड्या लांब करणे, मोठे टायर घालणे हे गाडी उचलण्याचे रूढ मार्ग होत. खाली आणण्याचा सभ्य मार्ग म्हणजे त्या वाहनासाठी मुद्दाम बनवलेल्या आखूड स्प्रिंगा; आणि स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगेचे एकदोन वेढे कापून टाकणे. हे काम गॅरेजात एका दुपारी उरकते. त्याचे परिणाम मात्र गाडीला जन्मभर भोगावे लागतात.

पहिला परिणाम तोलाचा. वळणावर गाडी उलटेल की नाही हे पुष्कळसे एका साध्या गुणोत्तरावर अवलंबून असते. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ च्या गाड्यांपासून याच अंकावर उलटण्याच्या धोक्याची प्रतवारी सुरू केली. १.४५ किंवा अधिक अंक असलेल्या गाडीला पाच तारे आणि १.०३ किंवा त्याहून कमी अंकाच्या गाडीला एक तारा असे ते मूळचे कोष्टक होते. आता समजा, एका जीपच्या चाकांमधील अंतर दीड मीटर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आहे. तिचा अंक सुमारे १.१५ येतो, म्हणजे त्या कोष्टकात तीन तारे. स्प्रिंगा आणि टायर मिळून हा गुरुत्वमध्य १० सेंटीमीटर वर गेला की अंक १.० वर येतो आणि दोन तारे गळून पडतात. चोर्ला घाटात किंवा अनमोडच्या वळणावर समोरून अकस्मात ट्रक आला आणि चालकाने सुकाणू झटक्याने फिरवले, म्हणजे या गळलेल्या दोन ताऱ्यांचा अर्थ कळतो. तोवर तो कळत नाही, हीच तर अडचण आहे. सरळ रस्त्यावर उंच गाडी चालकाला अधिक सुरक्षित भासते. उंचावर बसलेल्या माणसाला आपण सर्वांच्या वर आहोत असे वाटते, आणि ही भावना सुकाणू हाती असताना चांगली नव्हे.

दुसरा परिणाम ब्रेकचा आणि सांध्यांचा. चाके खाली लोंबली की ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस अकाली झिजतात. सुकाणूच्या दांड्यांचे कोन बिघडून खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढ घेऊ लागते. काही वाहनांत मागच्या ब्रेकचा जोर ओझ्यानुसार कमीजास्त करणारी एक झडप असते. ती मागच्या आसाशी एका दांड्याने जोडलेली असते. सांगाडा वर गेला की त्या झडपेला गाडी रिकामी असल्याचा भास होतो, आणि माणसांनी भरलेल्या गाडीलाही ती मागचा ब्रेक बेताचाच देते. टायर मोठे घातले तर वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. म्हणजे गाडी उलटण्याची शक्यता वाढते, थांबण्याची ताकद घटते आणि वेगाचा अंदाजही चुकतो. कारखान्यातील अभियंत्यांनी अनेक महिने चाचण्या घेऊन जो मेळ घातलेला असतो, तो एका दुपारच्या कामाने मोडतो.

तिसरा परिणाम इतरांच्या डोळ्यांवर होतो. अडीच मीटर अंतराच्या दोन आसांपैकी केवळ पुढचा भाग पाच सेंटीमीटर उचलला, तर दिव्यांचा झोत शंभर मीटरवर दोन मीटर अधिक उंच जातो. जो प्रकाश रस्त्यावर पडायचा तो समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत पडतो. रात्रीच्या वेळी कळंगुटहून म्हापशाकडे परतणाऱ्या मोटारसायकल पायलटाला विचारावे. त्याला या गणिताची गरज नाही, त्याचा अनुभव पुरेसा आहे. शिवाय बॉनेट जितके उंच, तितका त्याच्या पुढ्यातला अदृश्य पट्टा मोठा. त्या पट्ट्यात मोठा माणूस कदाचित दिसेल. सहा वर्षांचे मूल दिसणार नाही. गोव्यात अपघातात प्राण गमावणाऱ्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पादचारीही त्यांच्या सोबतीला आहेत. अशा राज्यात लोखंडी बंपरची पातळी माणसाच्या छातीपर्यंत आणणे याला निव्वळ हौस म्हणता येत नाही.

बसक्या गाडीचे दोष वेगळे आहेत, पण ते कमी नाहीत. कापलेली स्प्रिंग आखूड असते. खड्ड्यात चाक खाली लोंबले की ती आपल्या बैठकीतून निसटू शकते. स्प्रिंगेची हालचालच संपल्यामुळे प्रत्येक धक्का थेट सांगाड्याला बसतो, आणि हादरलेले चाक रस्ता सोडून क्षणभर हवेत राहते. त्या क्षणी ब्रेक दाबला तर तो कोणाला थांबवणार?

याबाबत कायदा मुका नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळात नमूद केलेल्या तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाने वाहनात करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२ अ या कलमाखाली, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात करावयाच्या बदलांना कायद्याने वाट ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा कायद्याचा अभाव ही आपली अडचण नव्हे. तो कधी, कोठे आणि कोणावर चालवावा याला धरबंध नाही, ही अडचण आहे. उचललेली जीप वर्षभर शहरभर उजळ माथ्याने फिरते. एखादा गंभीर अपघात घडला की चार दिवस मोहीम निघते, चलने फाडली जातात, छायाचित्रे छापून येतात आणि पाचव्या दिवशी सारे पूर्ववत होते. ज्या गॅरेजात हे काम झाले त्याची पायरी मात्र कोणी चढत नाही.

या हौसेला जगात मोठा इतिहास आहे आणि त्यातून घेण्यासारखा धडाही आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या मोटारी जमिनीलगत आणून सावकाश मिरवण्याची प्रथा पाडली. १९५८ साली तेथील कायद्याने चाकाच्या कड्यापेक्षा खाली गाडीचा कोणताही भाग येण्यास मनाई केली. लगोलग १९५९ साली रॉन अॅग्विरे नावाच्या कारागिराने हायड्रॉलिक पंप बसवून कळ दाबताच वरखाली होणारी मोटार तयार केली. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली! बंदीने हौस मेली नाही, उलट तिला नवी कला मिळाली. पुढे अनेक वर्षे हा कायदा त्या समाजाला छळण्याचे साधन ठरला अशी तक्रार होत राहिली, आणि अखेर २०२३ साली केलेल्या दुरुस्तीने तो निर्बंध १ जानेवारी २०२४ पासून उठला. याउलट उत्तर कॅरोलायना राज्यात पुढचा भाग उंच आणि मागचा खाली अशा गाड्यांची टूम निघाली, तेव्हा २०२१ साली तेथील कायद्याने एक माप घालून दिले. पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून अधिक उंच असता कामा नये. पहिल्या कायद्यात एका वर्गाच्या आवडीवर राग होता. दुसऱ्यात धोक्याचे मोजमाप होते. आम्हांला दुसरा मार्ग मान्य आहे. तरुणांची गाडी आम्हांला आवडत नाही म्हणून ती बंद करा, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही संपादकाला नाही. ती इतक्या मापापलीकडे इतरांना घातक ठरते, एवढेच म्हणता येते. आणि ते म्हणावयाचे तर माप सांगता आले पाहिजे.

तथापि प्रश्नाची एक दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा अग्रलेख प्रामाणिक ठरणार नाही. गाडी उंच करणारे सगळेच मिरवण्यासाठी तसे करीत नाहीत. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा जंगलातील दगडधोंड्यांतून आणि ओढ्यांच्या पाण्यातून जातात. तेथे गाडीचे पोट जमिनीपासून उंच असणे ही गरज आहे. पण ज्याची रोजची वाट घर ते कचेरी एवढीच आहे, असा सामान्य नोकरदारही आज गाडी घेताना मायलेजच्या पाठोपाठ 'ग्राउंड क्लिअरन्स किती?' असे विचारतो, आणि घेतल्यावर महिन्याभरात स्प्रिंगेखाली ठोकळे बसवून आणतो. त्याला हे का करावे लागते? कारण त्याचा रस्ता दूधसागरच्या वाटेशी स्पर्धा करतो.

गतिरोधकाचेच उदाहरण घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच त्याचे माप ठरवून दिले आहे. ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलसर उंचवटा; ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा अशी त्याची योजना. अडीच मीटर अंतराच्या चाकांची गाडी त्याच्या मधोमध आली तर तो उंचवटा तिच्या पोटाखाली जेमतेम पाच सेंटीमीटर वर येतो. म्हणजे शास्त्रशुद्ध गतिरोधकावर साधी मोटारही घासणार नाही. आपल्याकडे घासते, याचा अर्थ आपले गतिरोधक शास्त्राने बांधलेले नाहीत. वाड्यावर एखादा अपघात होतो, लोक संतापतात, आणि दुसऱ्या दिवशी कंत्राटदार डांबराचा एक हातभर रुंद बांध घालून मोकळा होतो. त्याला पांढरे पट्टे नसतात, आधी सूचनाफलक नसतो, रात्री तो दिसत नाही. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाका असा आदेश केंद्रीय मंत्रालयाने २०१६ साली दिला होता. त्या आदेशाला किती वर्षे झाली हे मोजावे आणि आपल्या भागातील महामार्गावर चक्कर मारावी.

डांबरीकरणाची रीतही तशीच. जुना थर खरवडून काढल्यावाचून त्याच्यावर नवा थर चढतो. रस्ता दर खेपेस वर जातो, बाजूची पट्टी खाली राहते, आणि दोहोंच्या मध्ये तयार झालेल्या पायरीवरून दुचाकीस्वार घसरतो. कित्येक ठिकाणी जुन्या घरांचे उंबरठे रस्त्याच्या खाली गेले आणि पावसाचे पाणी पडवीत शिरू लागले. रस्ता स्वतःच उंच होत चालला, तर नागरिकाने आपली गाडी उंच केली याचा दोष एकट्या त्याच्यावर कसा ठेवावा?

सरकारनेही या उंचीकडे पाहिले ते कराच्या नजरेने. २०१३ च्या अर्थसंकल्पात मोठ्या 'एसयूव्ही' गाड्यांवरील उत्पादन शुल्क २७ टक्क्यांवरून ३० टक्के करण्यात आले, आणि अशी गाडी ओळखण्याच्या खुणांपैकी एक खूण १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स ही होती. पुढे वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेतही तीच खूण चालू राहिली, आणि जुलै २०२३ मध्ये परिषदेने ही उंची रिकाम्या गाडीची धरावी असा खुलासा केला. मिलिमीटरपर्यंतची ही काटेकोर मोजणी तिजोरीसाठी होऊ शकते. मग तीच मोजपट्टी गतिरोधकाला लावायला हात का आखडतो?

आमच्या मते या साऱ्याचे मर्म येथे आहे. खड्डा सर्वांचा असतो, उचललेली गाडी एकाची असते. ज्याला परवडते तो स्प्रिंगा बदलून त्या खड्ड्यातून सुटका करून घेतो, आणि सुटका झाली की खड्ड्याबद्दल बोलणे सोडून देतो. तक्रार करणाऱ्या आवाजांतला एक सुस्थित, वजनदार आवाज कमी होतो. खड्डा तसाच राहतो, आणि त्यात पडण्यासाठी मागे उरतात ते स्कूटरवाले, सायकलवाले, पायी चालणारे. ज्यांना आपली उंची वाढवून घेता येत नाही ते. वर त्यांना त्या उंच गाडीच्या बंपरशीही सामना करावा लागतो. सार्वजनिक व्यवस्था बिघडली की श्रीमंतांनी खाजगी उपाय शोधावा आणि उरलेल्यांनी दुहेरी किंमत मोजावी, ही रीत आपण पाण्यात, शाळांत आणि दवाखान्यांत पाहिली आहे. आता ती चाकांवर धावू लागली आहे.

उंचीचा विचार लोकांच्या बाजूने करणे अशक्य आहे असे नव्हे. बसचे उदाहरण समोर आहे. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या जुन्या धाटणीच्या बसच्या फळीची उंची जमिनीपासून पुष्कळच अधिक भरते. खालच्या फळीच्या शहरी बसची ४०० मिलिमीटर. हवेच्या फुग्यांवर तोललेल्या काही बसगाड्या तर थांब्यावर आल्या की त्यांतील हवा सोडून दाराच्या बाजूने झुकतात, म्हाताऱ्या माणसाला चढता यावे म्हणून. निघताना पुन्हा पूर्ववत होतात. ही देखील गाडीची उंची बदलण्याचीच विद्या आहे! परंतु ती कोणासाठी राबवली जाते हे महत्त्वाचे. बाजाराची पिशवी हातात घेऊन, दांडी धरून, गुडघ्यावर हात टेकीत खाजगी बसची पायरी चढणारी आजी आपल्या प्रत्येक गावात आहे. तिच्यासाठी खाली झुकणाऱ्या किती बसगाड्या आपल्या रस्त्यांवर आहेत, याचा हिशेब राज्यकर्त्यांनी द्यावा.

करावयाचे काय, हे अवघड नाही. बदलांच्या मर्यादा मापात सांगाव्यात. कोणत्या वाहनाला किती मिलिमीटरपर्यंत मुभा, कोणत्या भागाला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक, हे स्पष्ट असले की हौशी माणसालाही सरळ मार्ग मिळतो आणि पोलिसालाही मनमानीची सवड राहत नाही. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या जीपांची दरवर्षी हंगामापूर्वी तपासणी व्हावी. अनोळखी चालक, अनोळखी रस्ता आणि बिघडलेला तोल हे तिन्ही एकत्र येऊ देणे हा गुन्हा आहे. दिव्यांच्या झोताची तपासणी रात्री, रस्त्यावर व्हावी. स्प्रिंग कापून देणाऱ्या गॅरेजवाल्याला मालकाइतकेच जबाबदार धरावे. आणि याच्या बरोबरीने, आधी नव्हे आणि नंतरही नव्हे, सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या प्रत्येक गतिरोधकाचे माप घेऊन जो नियमात बसत नाही तो उखडावा, आणि जुना थर खरवडल्याशिवाय नवे डांबर घालू नये. नागरिकाच्या गाडीला मोजपट्टी लावण्याचा नैतिक अधिकार शासनाला तेव्हाच पोचतो, जेव्हा ते स्वतःच्या रस्त्याला ती लावून दाखवते.

गाडी उंच करून माणूस मोठा होत नाही, आणि खाली आणून जमिनीच्या जवळही जात नाही. रस्ता ही आपल्या समाजातील मोजक्या उरलेल्या सामाईक जागांपैकी एक आहे. तेथे सर्वांना एकाच पातळीवर वागावे लागते. ती पातळी राखण्याची पहिली जबाबदारी शासनाची, दुसरी वाहनधारकाची. दोघांनीही ती टाळली तर तिचा भार त्या स्कूटरवरच्या आईवर पडतो, आणि तो पेलण्याची ताकद तिच्या दोन चाकांत नाही.